एकाच गोष्टीचे चाळीस चित्रपट: टीव्हीवरचा नाताळ कसा तयार होतो

अमेरिकेतल्या हॉलमार्कच्या वाहिन्यांवर ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासूनच नाताळचे नवे चित्रपट सुरू होतात आणि कित्येक वर्षं वर्ष सरेपर्यंत त्यांची संख्या चाळिशीच्या घरात जात आली. २०२० साली करोनामुळे महिनोन् महिने चित्रीकरणं बंद होती, तरी त्या वर्षीही नव्या चित्रपटांचा आकडा चाळीस होता. गोष्ट बहुतेक वेळा ओळखीची असते. मोठ्या शहरात नोकरीत बुडालेली तरुणी काही कारणाने एका लहान गावी येते. तिथे कुणाची तरी बेकरी किंवा जुनं विश्रामगृह बंद पडायच्या बेतात असतं. गावात एक भला माणूस भेटतो, बरेचदा विधुर, पदरात एक लहान मुलगी. दोघं मिळून झाड सजवतात, बिस्किटं भाजतात, मध्ये एक गैरसमज होतो, तो मिटतो, आणि अगदी शेवटी पहिलं चुंबन होतं, तेव्हा बर्फ भुरभुरू लागतो.

या साचेबंदपणाला नावं ठेवणारे लेख दरवर्षी येतात. मला मात्र हे चित्रपट फार मोलाचे वाटतात. पैसा, वेळ, ऋतू आणि सरकारी नियम मिळून गोष्टीला कसा आकार देतात, हे इतकं उघडपणे दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतं. हे चित्रपट करणाऱ्यांच्या कल्पनाशक्तीला काही झालेलं नाही. त्यांना ठरलेल्या चौकटीत, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या पैशांत काम करायचं असतं आणि त्या चौकटीची प्रत्येक बाजू कुठल्या ना कुठल्या व्यवहाराने ठरलेली असते. ती बाजू बाजूने पाहिली की हे चित्रपट कळू लागतात.

सुरुवात भेटकार्डांपासून होते. जॉइस हॉल नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने १९१० मध्ये कॅन्सस सिटीत पोस्टकार्डं विकायला सुरुवात केली. त्याचा माल बुटांच्या दोन खोक्यांत मावत होता. त्यातूनच हॉलमार्क ही कंपनी उभी राहिली. २४ डिसेंबर १९५१ रोजी एनबीसी या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर जान कार्लो मेनोत्ती यांचा नाताळवरचा एक ऑपेरा झाला. तो खास टेलिव्हिजनसाठी रचलेला पहिला ऑपेरा होता, आणि त्याचं प्रायोजकत्व या कार्डांच्या कंपनीकडे होतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी अख्खं कुटुंब एका पडद्यासमोर बसतं आणि त्याच आठवड्यांत भेटकार्डांची सर्वांत जास्त विक्री होते. कथा आणि दुकान यांची ही जोडी तेव्हा जुळली ती जुळलीच.

पुढच्या दोन दशकांत टीव्हीने आपला नाताळ घडवला. १९६४ मध्ये लाल नाकाच्या रेनडिअरची बाहुल्यांची फिल्म आली. तिचं बाहुल्या हलवण्याचं बारकाईचं काम टोकियोत तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत झालं होतं. म्हणजे अमेरिकेचा टीव्हीवरचा नाताळ परदेशात तयार करून घेण्याची पद्धत साठ वर्षं जुनी आहे. पण या धंद्याला सर्वांत मोठा धडा मिळाला तो एका कारकुनी चुकीतून. फ्रँक काप्रा यांचा १९४६ मधला 'इट्स अ वंडरफुल लाइफ' चित्रगृहांत फारसा चालला नव्हता. १९७४ मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं आणि स्थानिक टीव्ही केंद्रांना तो फुकट दाखवता येऊ लागला. मग ती केंद्रं दर डिसेंबरला तो पुन्हा पुन्हा दाखवत राहिली, आणि काही वर्षांतच तो चित्रपट पाहिल्याशिवाय लोकांचा नाताळ पुरा होईना. गोष्ट माहीत असणं हा सणाच्या दिवसांत अडथळा नसतो, उलट त्यासाठीच लोक येतात, हे वाहिन्यांना तेव्हा कळलं.

हॉलमार्क वाहिनी या नावाने केबलवर आली २००१ मध्ये, आणि नाताळची सलग मालिका तिने २००९ पासून सुरू केली. आपल्याकडे १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी प्रकाशनाच्या वर्षात जी जागा दिवाळी अंकाची आहे, ती या वाहिनीच्या वर्षात नाताळची आहे. काम भर पावसाळ्यात सुरू करायचं, माल ठरल्या दिवशी बाजारात आणायचा, आणि खर्च जाहिरातींतून काढायचा. तारीख चुकली तर उत्तम मजकुरालाही कुणी विचारत नाही. फरक एवढाच, की दिवाळी अंकाच्या संपादकाला निदान लेखकाकडे ऐनवेळी कविता मागता येते, इथे मात्र पन्नास-साठ माणसांचं युनिट आधी उभं करावं लागतं.

आता जाहिराती कथेत कशा शिरतात ते बघू. वाहिनीवर चित्रपटाला दोन तास मिळतात, पण त्यातला चित्रपट साधारण ८५ मिनिटांचा असतो. बाकीचा वेळ जाहिरातींचा. म्हणून पटकथा नऊ भागांत लिहिली जाते. पहिला भाग सर्वांत लांब, वीसेक मिनिटांचा, म्हणजे पहिल्या ब्रेकच्या आत प्रेक्षकाला नायिका, गाव, नायक आणि अडचण हे सगळं कळलेलं असतं. त्यापुढचे भाग छोटे होत जातात आणि प्रत्येक ब्रेकआधी एक हलकी उत्सुकता सोडलेली असते. कुणीतरी दारात येऊन उभं राहतं, फोनवर शहरातल्या साहेबाचं नाव झळकतं, मिठी होता होता राहते. खून, अपघात, शाप असलं काही सहसा वापरत नाहीत, कारण ही वाहिनी आजी आणि नात शेजारी बसून पाहतात. एवढ्या सौम्य ऐवजावर आठ वेळा प्रेक्षकाला थांबवून धरायचं, हे रहस्यकथा लिहिण्यापेक्षा अवघड आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

प्रेक्षक हा चित्रपट कसा पाहतो, तेही लेखकाला ठाऊक असतं. कुणी भेटवस्तू कागदात बांधत असतं, कुणी ओव्हनपाशी असतं, कुणी चाळिसाव्या मिनिटाला टीव्ही लावतं. अशा माणसाला अर्ध्या मिनिटात सगळं उमगलं पाहिजे. पात्रं एकमेकांना नावाने हाक मारतात, कालचा प्रसंग आज पुन्हा बोलून दाखवतात, त्याचं कारण हे आहे. वाहिनीचा आणखी एक आग्रह कलादिग्दर्शकाकडे असतो. कॅमेऱ्याच्या चौकटीत कुठे ना कुठे नाताळ दिसलाच पाहिजे. मग डॉक्टरच्या टेबलावर छोटं झाड येतं, गॅरेजच्या दारावर हिरव्या पानांचं वर्तुळ लटकतं, कॉफीच्या कपावर हिमकण उमटतात. वाहिन्या बदलता बदलता एक सेकंद जरी नजर पडली, तरी इथे काय चाललंय ते कळावं म्हणून.

आणि आता पैसा. या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण पडद्यावरच्या बऱ्याच गोष्टींची उत्तरं इथे आहेत.

अशा एका चित्रपटाचा खर्च साधारण २० लाख अमेरिकी डॉलरच्या आसपास असल्याचं वारंवार छापून आलं आहे. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम अगदीच लहान. तेवढ्यात काम भागवायला निर्माते कॅनडात जातात. चलनातल्या फरकाने डॉलर तिथे जास्त पुरतो, पण खरी गंमत करसवलतीत आहे. सवलत म्हटलं की आपल्याला वाटतं, भरायचा कर कमी होत असेल. इथे तसं नाही. निर्मात्याने कॅनडात राहणाऱ्या माणसांना जी मजुरी दिली, तिचा ठराविक हिस्सा सरकार त्याला परत देतं. कर शून्य असला तरी देतं.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. चित्रपटाचा एकूण खर्च १०० डॉलर, त्यातली ५० डॉलर सवलतीला पात्र ठरणारी मजुरी. व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियाचा स्थानिक निर्मितीसाठीचा दर बरीच वर्षं ३५ टक्के होता, २०२५ पासून तो आणखी वाढवला आहे. जुन्या दरानेही प्रांताकडून १७.५ डॉलर येतात. केंद्र सरकार मजुरीच्या २५ टक्के देतं, पण प्रांताची मदत आधी वजा करून आणि मजुरीला खर्चाच्या ६० टक्क्यांची मर्यादा घालून. तिथून सुमारे १२ डॉलर येतात. म्हणजे १०० खर्च करून जवळपास ३० परत. हे पैसे चित्रपट पूर्ण झाल्यावर, कागदपत्रं तपासून मिळतात, त्यामुळे निर्माता येणाऱ्या परताव्यावर बँकेकडून आधीच कर्ज काढतो आणि त्या कर्जावर चित्रपट करतो. व्हँकुव्हर परिसराबाहेर चित्रीकरण केलं तर १२.५ टक्क्यांचा जादा लाभ मिळतो. ऑन्टॅरिओ प्रांतातही टोरांटो परिसराबाहेर जाणाऱ्याला १० टक्के जास्त मिळतात. पडद्यावरचं लहान गाव खरोखरच लहान गाव का असतं, त्यामागे हे एक कारण आहे.

केंद्राची ही सवलत हवी तर चित्रपट कॅनडाचा ठरावा लागतो, आणि त्यासाठी दहा गुणांची परीक्षा आहे. दिग्दर्शक कॅनडाचा असेल तर २ गुण, लेखक असेल तर २. दोन प्रमुख कलाकारांचा प्रत्येकी १. कलादिग्दर्शन, छायाचित्रण, संगीत, संकलन यांचा प्रत्येकी १. दहापैकी किमान ६ लागतात. शिवाय दिग्दर्शक किंवा लेखक यांपैकी एक आणि दोन प्रमुख कलाकारांपैकी एक कॅनडाचा असावाच लागतो. निर्माताही तिथलाच लागतो. परदेशी निर्मात्यांसाठी वेगळी योजना आहे, तिचे केंद्राचे दर कमी आहेत.

हा नियम एकदा कळला की पात्रनिवड उलगडते. अमेरिकी प्रेक्षकाला ओळखीचा चेहरा हवा, म्हणून नायिका बरेचदा नव्वदच्या दशकातल्या एखाद्या गाजलेल्या मालिकेतली अमेरिकी अभिनेत्री असते. लेसी शॅबर्ट हे त्याचं ठळक उदाहरण. 'पार्टी ऑफ फाइव्ह' या मालिकेतली ही मुलगी पुढे हॉलमार्कच्या तिसाहून अधिक चित्रपटांत दिसली. दुसरा प्रमुख कलाकार मग कॅनडाचा हवा, आणि म्हणून नायक बरेचदा व्हँकुव्हर किंवा माँट्रिअलकडचा. पॉल कॅम्पबेल, अँड्र्यू वॉकर, टायलर हाइन्स ही नावं अशीच मोठी झाली. २०२२ मध्ये या तिघांना एकत्र घेऊन तीन भाऊ आणि एका बाळाची गोष्ट आली. ती कॅम्पबेल आणि किंबर्ली सस्टॅड यांनी लिहिली होती, दोघेही मुळात अभिनय करणारे, आणि त्या वर्षी अमेरिकन केबलवर सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट तो ठरला. सवलतीच्या गुणांसाठी बाजूला उभे केलेले नायक असे स्वतःच वाहिनीचं मुख्य आकर्षण झाले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

कॅनडातल्या करदात्याच्या पैशातून अमेरिकन वाहिनीने नफा का कमवावा, असं विचारणारे आहेत, आणि आमचं काम सीमेपलीकडे गेलं असं म्हणणारे लॉस एंजेलिसचे कामगारही आहेत. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी उत्तर ऑन्टॅरिओतल्या नॉर्थ बेसारख्या शहरात आज स्थानिक माणसांची युनिटं उभी राहतात, ती अशा छोट्या चित्रपटांमुळे. मोठा चित्रपट एकदा येतो आणि निघून जातो. छोटे चित्रपट वर्षात अनेकदा येतात, आणि लाइटमनचा मदतनीस दोन-तीन वर्षांत स्वतः लाइट सांभाळू लागतो. कमी बजेटच्या कामांसाठी कामगार संघटनांचे दरही कमी असतात, ही या व्यवहाराची दुसरी बाजू. तिथे मजुरी वाढावी असं मला वाटतं.

हे सगळं साधारण १५ दिवसांत चित्रित होतं. शंभरेक पानांची पटकथा १५ दिवसांत म्हणजे दिवसाला सात पानं. मोठ्या चित्रपटात दिवसाला दोन-तीन पानं झाली तरी चांगला दिवस मानतात. एका प्रसंगाला दोन किंवा तीन टेक, की पुढे. म्हणून दिग्दर्शकाचं मुख्य काम सेटवर येण्याआधीच झालेलं असतं. कुठल्या घराचा दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि ओसरी वापरून एका जागी चार दिवसांचं काम उरकता येईल, कुठली दोन पात्रं एकाच दिवशी बोलावली तर प्रवास वाचेल, हे आधी ठरतं. कथेत बालकलाकार असतो आणि त्याच्या कामाच्या तासांवर कायद्याची मर्यादा असते, तेव्हा त्याचे क्लोजअप आधी घेतात, आणि समोरच्या नटाला नंतर मुलाच्या जागी उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघत माया दाखवावी लागते. ती खरी वाटते, हे त्या नटाचं कसब.

त्यातून ऋतू उलटा. डिसेंबरचा माल तयार व्हायचा तर बरंच काम उन्हाळ्यात करावं लागतं. अंगात लोकरी कोट, गळ्यात मफलर, आणि बाहेर जुलैचं ऊन. कलाकार कोटाच्या आत बर्फाच्या थंड पिशव्या ठेवतात, मेकअपवाले दर टेकनंतर कपाळावरचा घाम टिपतात. जमिनीवर अंथरायला कापसाच्या गादीसारख्या पांढऱ्या चादरी असतात. झुडपांवर आणि कठड्यांवर कागदाच्या लगद्यापासून केलेला भुगा फवारतात. पडणारा बर्फ म्हणजे यंत्रातून उडणारा साबणासारखा फेस. जिथे बुटाखाली खरा बर्फ करकरायला हवा, तिथे चुरलेला बर्फ ट्रकने आणतात. पण या सगळ्याला पैसे मोजावे लागतात, म्हणून बर्फ कॅमेऱ्याच्या चौकटीपुरताच घालतात. पडद्यावरच्या गावात लांबून घेतलेली दृश्यं कमी का, याचं उत्तर तेच. कॅमेरा थोडा वर गेला की हिरवीगार झाडं दिसतात.

रात्रीचं चित्रीकरण आणखी कठीण. जूनमध्ये व्हँकुव्हरला नऊ वाजून गेल्यावर सूर्य मावळतो आणि पहाटे पाचला परत उजाडतं. दिव्यांच्या रोषणाईचा प्रसंग तेवढ्यातच बसवायचा. आठवड्याच्या शेवटी कामाची वेळ अशी पुढे सरकत गेली की शुक्रवारचं काम शनिवारी सकाळी संपतं. युनिटमधली माणसं त्याला 'फ्रॅटर्डे' म्हणतात, आणि हा शब्द ती प्रेमाने उच्चारत नाहीत.

गावांचंही एक वेगळं जग आहे. व्हँकुव्हरजवळचं फोर्ट लँगली, बर्नबीतलं जुन्या काळचं गाव जपणारं संग्रहालय, ओटावाजवळचं आल्माँट ही ठिकाणं कित्येक नाताळ-चित्रपटांत वेगवेगळ्या अमेरिकन नावांनी येऊन गेली आहेत. बास्केटबॉलचा शोध लावणारे जेम्स नेस्मिथ याच आल्माँटच्या परिसरात वाढले, पण आज तिथे जाणारे बरेच पाहुणे नाताळच्या चित्रपटातली गल्ली शोधत जातात. दुकानाच्या पाट्या झाकायच्या, कॅनडाचा झेंडा उतरवायचा, टपालपेटी निळी आणायची, कारण कॅनडाची लाल असते, हे लोकेशन आणि कलाविभागाचं रोजचं काम.

या गोष्टींत कुणाला जागा मिळते आणि कुणाला नाही, हा प्रश्न बरीच वर्षं कुणी नीट विचारलाच नव्हता. नायक-नायिका बहुतेक वेळा गोरे, स्त्री-पुरुष जोडपं, ख्रिस्ती घर. डिसेंबर २०१९ मध्ये एका लग्नाच्या वेबसाइटच्या जाहिरातीत दोन नवऱ्या मुली एकमेकींचं चुंबन घेताना दिसल्या. एका पुराणमतवादी गटाने तक्रार केली आणि हॉलमार्कने ती जाहिरात काढली. त्यावर इतका संताप उसळला की काही दिवसांतच कंपनीने माफी मागून निर्णय फिरवला. पुढच्या वर्षी या वाहिनीच्या नाताळ-चित्रपटात समलिंगी दांपत्याला ठळक स्थान मिळालं आणि २०२२ मध्ये दोन पुरुषांची प्रेमकथाच केंद्रस्थानी आली. ज्यू सणावरचे चित्रपटही आले. दुसरीकडे, आधीचे प्रमुख बिल अॅबट यांनी २०२१ मध्ये पुढे ग्रेट अमेरिकन फॅमिली या नावाने ओळखली गेलेली वेगळी वाहिनी चालवायला घेतली, तिथे धर्म आणि पारंपरिक कुटुंब यांवर भर आहे. एका प्रकारच्या गोष्टीवरून असा पंथभेद व्हावा, यावरूनच ती लोकांच्या किती जिव्हाळ्याची आहे ते कळतं.

मला इथे एक गोष्ट नेहमी जाणवते. वसईत किंवा गोव्यात नाताळ म्हटलं की गोठा, मध्यरात्रीची मिस्सा, घरी तळलेल्या नेवऱ्या आठवतात. हॉलमार्कच्या चित्रपटांत येशूचा जन्म जवळजवळ नसतोच. तिथे धर्माची जागा गावाने, शेजाऱ्याने आणि हिवाळ्याने घेतलेली आहे. म्हणून तर चर्चमध्ये कधी न गेलेल्या घरातही ते चालतात.

केबलची घरं आता कमी होत चालली आहेत. नेटफ्लिक्सने २०१७ पासून या प्रकारात हात घातला. हॉलमार्कने सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतःची नवी स्ट्रीमिंग सेवा आणली आणि त्याच वर्षी आपल्याच गावच्या कॅन्सस सिटी चीफ्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघावर नाताळची प्रेमकथा काढली. जाहिरातींचे ब्रेक नसतील तर नऊ भागांची पटकथा राहील का, दर वर्षीच्या चाळीस चित्रपटांऐवजी दहा महागडे होतील का, यावर या धंद्यातल्या कित्येक घरांचं पोट अवलंबून आहे. दहा महागडे चित्रपट करणाऱ्यांना नॉर्थ बेची किंवा फोर्ट लँगलीची गरज असेलच असं नाही.

यांपैकी एखादा चित्रपट पाहिलात तर संपल्यावर लगेच बंद करू नका. शेवटच्या नामावलीत बर्फ घालणाऱ्यांचा विभाग असतो, ड्रायव्हर असतात, मुलांना सेटवर शिकवणाऱ्या शिक्षिकेचं नाव असतं, आणि कॅनडाच्या चित्रपटांत त्यानंतर केंद्र आणि प्रांताच्या करसवलतीची चिन्हं येतात. वाहिनी ही नावं अर्ध्या पडद्यावर आणि भराभर दाखवते, म्हणून वाचायची तर थांबवून वाचावी लागतात.